शून्य नंबरची काच

सातपैकी पाच विषयांत नापास. गणितात शंभरपैकी नऊ. वर बावीस दिवसांची गैरहजेरी, आणि तिचा घरात कुणाला पत्ता नाही. बारकीचं प्रगतिपुस्तक जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. जो तो ते वाचायचा आणि शेजारच्याकडे सरकवायचा. फिरून फिरून ते अण्णांसमोर आलं, तेव्हा अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"मी सांगतो तुम्हाला," ते म्हणाले. "नंबर पुन्हा वाढलाय."

आता ही खोड या घराला नवी नाही. तीन पिढ्या चष्म्याच्या दुकानावर जगलेलं घर. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. अण्णा डोळे तपासतात, त्यांचा मुलगा मागच्या खोलीत काचा घासतो, सून काउंटरवर फ्रेमा दाखवते. इथे कुणाचं डोकं दुखलं की चष्मा, हातातून ताट पडलं की चष्मा. अण्णांच्या लेकीने ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हाही अण्णांनी आधी तिला खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावला होता. माणसाचं जे काही बिघडतं ते डोळ्यांपासून बिघडतं, यावर अण्णांचा इतका विश्वास की समोरच्याला हसायचीही चोरी.

बारकी त्यांची एकुलती एक नात. पंधरा वर्षांची, नववीत. वर्गात पहिल्या पाचांतली पोर आठवीत घसरायला लागली, तेव्हा अण्णांनी चष्मा बदलला. आणखी घसरली, आणखी एक बदलला. असे चार चष्मे झाले होते.

"अण्णा, पुरे तो नंबर," बारकीचा बाप म्हणाला. "पोरगी आळशी झालीय, दुसरं काही नाही. घरी आली की पडून असते. मी फॉर्म आणलाय."

फॉर्म निवासी शाळेचा होता. गाडीने सहा तासांवर. तिथे पहाटे पाचला उठवतात, फोन हातात देत नाहीत, आणि वर्षातून दोनदाच घरी सोडतात. भरून झाला होता, फक्त पालकांच्या दोन सह्या राहिल्या होत्या. उद्या सोमवारी शेवटची तारीख.

"तिला विचारलंत का?" आजी म्हणाली. आजीला सहा वर्षांपासून काहीही दिसत नाही. पण बोलताना ती बरोबर ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड करते.

"तिला काय विचारायचं? तिला विचारलं तर ती 'काहीही चालेल' म्हणते. जेवायला काय करू, काहीही चालेल. शाळा बदलू का, काहीही चालेल."

"पूर्वी म्हणायची का असं?"

पूर्वी बारकी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायची. जेवणातल्या मिठापासून दुकानाच्या पाटीच्या रंगापर्यंत.

बारकीच्या आईने पेन उचललं. तिला सही करून मोकळं व्हायचं होतं, आणि त्याचं कारण फक्त तिलाच माहीत होतं. शाळेतून आलेलं पाकीट तिनेच उघडलं होतं. त्यात प्रगतिपुस्तकाशिवाय वर्गशिक्षिकेचं पत्र होतं. ते तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवलं. पत्रात लिहिलेला शब्द तिने लहानपणी मावशीच्या बाबतीत ऐकला होता. मावशीला मागच्या खोलीत ठेवायचे आणि पाहुणे आले की बाहेरून कडी लावायचे. त्या शब्दापेक्षा 'आळशी' बरा, असं तिने त्याच मिनिटाला ठरवून टाकलं. आळशी पोरींची पुढे लग्नं होतात, नोकऱ्या लागतात, सगळं होतं.

पेन कागदाला टेकायच्या आत मागच्या जिन्यावर पावलं वाजली.

"मी बोलावलंय तिला," आजी म्हणाली.

---

बारकीची आत्या, म्हणजे अण्णांची लेक, मागच्या जिन्याने आली. दुकानातून वर यायला सरळ वाट आहे, पण सहा वर्षांत तिने दुकानात पाऊल टाकलेलं नाही. आईच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत होता आणि बाप दोन वर्षं नुसता नंबर बदलत राहिला, हे ती विसरलेली नाही आणि कुणाला विसरू देत नाही. ती कोर्टात नोकरी करते, साक्षीदार बोलतील ते शब्दशः टिपून घ्यायची. त्यामुळे घरात कोण काय म्हणालं होतं या वादात तिच्यापुढे कुणी जिंकत नाही.

तिने फॉर्म वाचला, प्रगतिपुस्तक वाचलं, आणि विचारलं, "पोरगी कुठंय?"

"खोलीत. कुठे असणार?"

"मग आपण इथे कुणाचा खटला चालवतोय, आरोपीशिवाय?"

"ताई, तू आल्या आल्या सुरू नको होऊस," बारकीचा बाप म्हणाला. "रोज घरात कोण असतं? तू येणार घटकाभर, शहाणपण शिकवणार आणि जाणार. ज्याचं जळतं त्याला कळतं."

"खरंय," आत्या म्हणाली आणि सरळ आत गेली.

खोलीचा पडदा ओढलेला होता. बारकी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर शाळेचा गणवेश, रविवार असून. शुक्रवारी घातलेला तो तिने काढलाच नव्हता. केस तेलकट, चिकटलेले. टेबलावर इतिहासाचं पुस्तक उघडं होतं आणि त्या पानावर धूळ होती.

आत्या पलंगाच्या कडेला बसली. पाठीवर हात ठेवला नाही, लाडही केले नाहीत. "शाळेत गेली नाहीस त्या दिवशी कुठे जायचीस?"

"बस डेपोत. बाकावर."

"काय करायचीस?"

"काही नाही. बस बघायची. संध्याकाळ झाली की घरी यायची."

"अभ्यास होत नाही?"

"नाही." तिने नखाने भिंतीचा रंग खरवडला. मग म्हणाली, "आत्या, डोळ्यांचंच आहे म्हण ना बाहेर. सोपं पडतं."

"कुणाला सोपं पडतं?"

"सगळ्यांना. नवीन चष्मा आला की महिनाभर कुणी काही विचारत नाही."

आत्याने कोर्टात खून, मारामाऱ्या, काडीमोड, सगळं टिपलं होतं. हे वाक्य मात्र तिला नुसतं टिपून सोडता येईना. पण विचारायचं ते तिने विचारलं, सरळच.

"मरावंसं वाटतं का तुला?"

बारकीने पहिल्यांदा मान वळवली. हे कुणी एवढ्या साध्या आवाजात विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने खरंच विचार केला, आणि मग उत्तर दिलं. "मरावंसं नाही. पण सकाळी जाग येते ना, तेव्हा वाटतं, कशाला आली."

"रोज?"

"रोज."

"तसं काही करावंसं वाटलं तर कुणाला सांगशील?"

"माहीत नाही."

"मला सांगायचं. रात्री तीन वाजता वाटलं तर तीन वाजता फोन करायचा. मी चिडले तरी करायचा."

"तू चिडशीलच," बारकी म्हणाली. तिच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला, तेवढाच.

बाहेरून अण्णांची हाक आली. "बारके, खाली ये. डोळे तपासू."

आत्या तिरमिरीत उठली, पण बारकीने तिचा हात धरला. "जाऊ दे. मला सवय आहे."

---

दुकानात अण्णांनी एकच दिवा लावला. खोली आखूड, म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे उलटा लावलेला आणि समोर आरसा. गिऱ्हाईक आरशातून अक्षरं वाचतं. बारकी खुर्चीत बसली. अण्णांनी तिच्या नाकावर जड गोल फ्रेम चढवली, तिच्या हल्लीच्या नंबराच्या काचा त्यात घातल्या आणि म्हणाले, "वाच."

तिने वाचलं. चौथ्या ओळीत तिसऱ्या आणि पाचव्या अक्षराला अडखळली.

अण्णांच्या मनात काहीतरी टोचलं. गेल्या खेपेलाही ती तिसऱ्या आणि पाचव्यालाच अडली होती. त्याच्या आधीही. खरोखर दिसत नसलेला माणूस दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतो, कधी अंदाजाने बरोबरही सांगतो. आणि हा तक्ता तर पोरीला चौथ्या वर्षापासून पाठ. पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या आधी ओरडून सांगायची म्हणून तिला कितीदा तरी वर हाकललं होतं.

पेटीत प्रत्येक नंबराच्या काचा ओळीने असतात. शेवटच्या खाचेत एक काच असते जिला नंबरच नाही. साधी काच. कोर्टकचेरीतून सुटायला, नोकरीत सूट मिळवायला जी माणसं खोटं सांगतात, त्यांच्यासाठी. अण्णांनी पन्नास वर्षांत ती शे-दोनशे माणसांवर वापरली असेल. घरच्या माणसावर कधी नाही.

त्यांनी ती उचलून फ्रेममध्ये आधीच्या काचांपुढे सरकवली. "आता?"

"बरं दिसतंय."

त्यांनी तीच काच काढली, पुसली, आणि पुन्हा तीच घातली. "आता?"

"अजून बरं."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आत्या उभी होती. तिला यातलं सगळं कळत होतं. ती याच दुकानात वाढली होती. बापाचा चेहरा तिला आरशात दिसत होता.

अण्णा स्टुलावर बसले. बरं दिसतंय. त्यांची बायको दोन वर्षं हेच म्हणाली होती, याच खुर्चीत, असाच चेहरा करून. तिने त्यांच्या कष्टाचा मान राखला आणि त्यांनी तिच्या शब्दावर भरवसा ठेवला, आणि मध्ये तिचे डोळे गेले. कडेकडेने अंधार येतोय हे तिला कळत होतं. त्यांना दुखवायचं नाही म्हणून ती बोलली नव्हती. हे त्यांना नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.

"बारके," ते म्हणाले, "साधी काच आहे ती."

बारकी आरशातल्या तक्त्याकडे बघत राहिली.

"तुला दिसतंय सगळं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पहिला चष्मा बरोबर होता."

"मग खोटं का बोललीस?" आवाज चढला होता. पन्नास वर्षांचा कारागीर आपल्या नातीकडून फसला होता, आणि राग आधी तिथूनच आला.

बारकीने फ्रेम काढून मांडीवर ठेवली. "दिसतं, अण्णा. फळ्यावरचं दिसतं, पुस्तकातलं दिसतं. आत जात नाही. एकच ओळ सहा वेळा वाचते आणि सहाव्यांदा पहिला शब्द आठवत नाही. पेपर हातात आला की प्रश्न वाचते आणि पेन उचलायलाच नको वाटतं. रडू पण येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं."

"मग हे सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं," बारकी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तुम्ही चष्मा दिलात."

---

पाच मिनिटांत घर खाली उतरलं. अण्णांचा आवाज चढलेला सगळ्यांनी ऐकला होता. आजी कठड्याला धरून आली आणि काउंटरला टेकून उभी राहिली. बारकीच्या बापाच्या हातात फॉर्म तसाच होता.

"डोळ्यांचं नाही," अण्णा म्हणाले. "माझं चुकलं."

हे वाक्य या दुकानात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. बारकीचा बाप तर बापाकडे नुसता बघतच राहिला.

"रोग म्हशीला आणि औषध पखालीला," आजी म्हणाली. "वर्षभर चाललंय. रोज मला पेपर वाचून दाखवते आणि मध्येच थांबते. मला वाटलं, थकली असेल. मीही कुठे शहाणी."

"ठीक आहे, डोळ्यांचं नाही," बारकीचा बाप म्हणाला. "मग मी काय म्हणत होतो? शिस्त नाही म्हणून..."

"अकरावीत तू वर्षभर त्या मागच्या खोलीत झोपून होतास," आत्या म्हणाली. ती अजून पायरीवरच होती. "आठवतंय? शिस्त नव्हती म्हणून?"

"ताई, त्याचा इथे काय संबंध?"

"तू म्हणायचास, छातीवर कुणी बसलंय. आई आत डबा ठेवून यायची. अण्णांनी तुला चष्मा दिला."

"उठलो ना मी शेवटी!"

"उठलास. कॉलेज सुटलं, आणि काचा घासायला बसलास. तुला नकाशे काढायचे होते."

बारकीने बापाकडे पाहिलं. नकाशांचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेला हा माणूस रोज पहाटे उठून घासायच्या चाकावर बसतो, कुणी दोन मिनिटं उशिरा उठलं तरी ओरडतो. झोपून राहिलेलं माणूस दिसलं की याला भीती वाटते, हे त्याच्या बायकोला लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

ती वर गेली. परत आली तेव्हा हातात घडी घातलेला कागद होता आणि त्याला पीठ लागलेलं होतं.

"हे प्रगतिपुस्तकासोबत आलं होतं," ती म्हणाली. "मी लपवलं. मला घाबरायला झालं." आणि तिला रडू फुटलं.

आत्या पायरी उतरून दुकानात आली, तिने कागद घेतला आणि कोर्टात वाचतात तसा सपाट आवाजात वाचला. वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं की ही मुलगी आळशी नाही. मधल्या सुट्टीत एकटी बसते, मैत्रिणींशी बोलणं तोडलंय, विचारलं तर 'बरी आहे' म्हणते. हे नैराश्य असावं, मी डॉक्टर नाही, पण कृपया मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. उपचार सुरू झाल्याचं पत्र आणलंत तर शाळा तिचं वर्ष धरून ठेवेल, राहिलेल्या परीक्षा नंतर घेईल. कृपया उशीर करू नका.

"मनोविकार," बारकीच्या बापाने तो शब्द हळूच उच्चारून पाहिला.

"मावशीसारखं नाही ना होणार हिचं?" बारकीच्या आईने विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही माहीत नव्हतं.

"मावशीला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही," आत्या म्हणाली. "कडी लावली."

बारकीची आई नाक पुसत लेकीजवळ गेली. काय करावं ते तिला सुचेना. मग तिने तिच्या तेलकट केसांतून बोटं फिरवली आणि म्हणाली, "उद्या मी नाहायला घालते तुला. लहानपणी घालायचे तशी."

"आई, मी पंधरा वर्षांची आहे."

"असू दे."

बारकीच्या बापाने फॉर्मची घडी घातली. फाडला नाही, तो तसला माणूस नाही. चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "उद्या शाळेत मी जातो. बाईंशी बोलतो. तुम्ही डॉक्टरांकडे जा." मग जरा थांबून बारकीला म्हणाला, "माझं ते... नंतर सांगेन कधीतरी."

अण्णा काउंटरच्या खणात काहीतरी शोधत होते. "ते पॅड कुठंय?"

"डावीकडे, खाली," आत्या म्हणाली. सहा वर्षं झाली तरी जागा तिला पाठ होती.

पॅड म्हणजे चिठ्ठ्यांचं. चष्म्याने ज्याचं भागणार नाही अशा गिऱ्हाइकाला अण्णा डोळ्यांच्या हॉस्पिटलला पाठवतात, त्या चिठ्ठ्या. वर छापलेलं असतं, 'चष्म्याने भागणार नाही. पुढे दाखवावे.' सहा वर्षांपूर्वी आत्या अशीच एक चिठ्ठी घेऊन आईला हॉस्पिटलात घेऊन गेली होती. तिच्यात शेवटचा रकाना कोरा होता.

"अण्णा, मनाच्या डॉक्टरांना चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी?" बारकीचा बाप म्हणाला. "हसतील ते."

"हसू देत," आजी म्हणाली. "कुणीतरी हसायला हवंच आहे या घरात."

अण्णांनी 'नेत्र रुग्णालय' यावर रेघ मारली आणि वर 'मनाचे डॉक्टर' लिहिलं. वय पंधरा. तक्रार, या रकान्याशी ते थांबले.

"काय लिहू?" त्यांनी बारकीला विचारलं. "तू सांग. तू म्हणशील तेच लिहितो."

बारकीने विचार केला. "वाचलेलं आत जात नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. कशातच काही वाटत नाही."

त्यांनी तसंच लिहिलं, तिचे शब्द न बदलता. आत्या खांद्यावरून बघत होती, एकही शब्द गळला नाही. किती दिवसांपासून? चौदा महिने. आणि मग तो शेवटचा रकाना आला. यापूर्वी चष्मा किती वेळा बदलला, आणि कुणी.

अण्णांनी एकदा बायकोकडे पाहिलं. तिला ते दिसलं नाही. मग त्यांनी लिहिलं, 'चार वेळा. मी.' खाली सही केली आणि चिठ्ठी फाडून बारकीच्या हातात दिली. आत्याने समोरचं स्टूल ओढलं आणि ती बापाशेजारी बसली.

बारकीने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या कपाळावर आठी पडली. ही आठी घरात वर्षभर कुणी पाहिली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "चार नाही. पाच."

"चारच. मला पाठ आहे."

"पाच. मधल्या खेपेला तुम्ही फ्रेम तीच ठेवलीत आणि नुसत्या काचा बदलल्यात. तो तुम्ही धरला नाहीत."

"फ्रेम बदलल्याशिवाय चष्मा बदलला म्हणत नाहीत."

"का नाही म्हणत? नंबर बदलला ना? मग बदललाच."

अण्णांनी हात पुढे करून चिठ्ठी परत मागून घेतली, चार खोडलं आणि पाच लिहिलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

बारकीने कागद दिव्याजवळ धरून नीट पाहिला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.